पकिप्सीला बस नेण्याआधी

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाचं उन्हाळी सहलींचं वेळापत्रक परवा ईमेलने आलं. त्यात तिसरी ओळ अशी आहे: ‘पकिप्सी – डॉ. आनंदीबाई जोशी समाधीदर्शन, ४५ मिनिटे. नंतर आउटलेट मॉल, ३ तास.’ मंडळाचं नाव मुद्दाम घेत नाही. एक तर ती माझीच माणसं आहेत. शिवाय न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनिया, कुठल्याही मंडळाच्या यादीत ही ओळ निघू शकते. म्हणून पत्र सगळ्यांनाच लिहितेय.

मॉलवर माझा राग नाही. मी कार्यकारिणीत दोन वर्षं काढली आहेत. बसचं भाडं निघायला माणसं लागतात आणि माणसं मॉलच्या नावावर नोंदणी करतात, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. माझं भांडण त्या पंचेचाळीस मिनिटांशी आहे. तेवढ्या वेळात आपण तिथे काय करून येतो, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय आणि थोडंफार स्वतःच्या हातांनीही केलंय.

मी पहिल्यांदा गेले ती एकटी, ऑक्टोबरात. न्यूयॉर्क शहरातल्या ग्रँड सेंट्रलवरून हडसन लाइनची गाडी घेतली की शेवटचं स्टेशन पकिप्सी. (स्पेलिंगवर जाऊ नका. आमच्याकडे एक काका अजून ‘पौघकीप्सी’च म्हणतात.) जाताना डावीकडची खिडकी धरायची, म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता नदी सोबत राहते. आयबीएम या संगणक कंपनीमुळे हे गाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कित्येकांची अमेरिकेतली पहिली थंडी याच भागात गेली असेल. त्यांच्यातल्या एका जुन्या मेनफ्रेमवाल्याला मी विचारलं होतं, ‘आनंदीबाईंच्या तिथे कधी गेलात?’ तो म्हणाला, ‘रोज रूट नाइनवरून भिंतीला लागून जात होतो. आत बाग आहे एवढंच वाटायचं.’

त्याचं चुकलं नव्हतं. ती बागच आहे. नाव पकिप्सी रूरल सेमेटरी. ‘रूरल’चा अर्थ इथे खेडेगावातली असा नाही. गावाबाहेरच्या मोकळ्या, झाडाझुडपांच्या जागेतली ती रूरल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चच्या आवारात पुरायला जागा उरली नव्हती. एकावर एक पेट्या, वर दुर्गंधी, त्यात पीतज्वराच्या साथी. १८२० च्या दशकात न्यूयॉर्क शहराने दाट वस्तीत पुरायला बंदीच घातली. पॅरिसने १८०४ मध्ये पेर लाशेझ ही दफनभूमी काढून वाट दाखवली होतीच. अमेरिकेत बोस्टनजवळ १८३१ मध्ये माउंट ऑबर्न झाली, आणि गंमत म्हणजे तिच्यामागे होती बागबगीचावाल्यांची संस्था, मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटी. मग फिलाडेल्फियाची लॉरेल हिल १८३६, ब्रुकलिनची ग्रीनवुड १८३८. इंग्लंडात याच सुमाराला केन्सल ग्रीन आणि हायगेट उभ्या राहिल्या. १८४७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने असल्या दफनभूमींसाठी कायदाच केला आणि मग गावोगावी त्या निघाल्या. पकिप्सीची १८५० च्या दशकातली. मुंबईकरांना ओळख पटवायची तर शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी आठवा. तीही मुळात ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग. व्हीटीचे स्टीव्हन्स आणि गेटवेचे विटेट तिथेच पुरलेले आहेत.

या बागांमध्ये लोक रविवारी डबे घेऊन यायचे. पोरं धावायची, तरुण मंडळी फिरायच्या निमित्ताने भेटायची, वाटाड्या पुस्तकं विकत मिळायची. त्या काळात सार्वजनिक उद्यान नावाची गोष्टच अमेरिकेत फारशी नव्हती. हडसनकाठच्याच न्यूबर्ग गावचा ॲन्ड्र्यू जॅक्सन डाउनिंग हा बागरचनाकार तेव्हा सांगत होता, की मेलेल्यांच्या बागेत जर एवढी झुंबड उडते, तर जिवंतांसाठी शहरात बाग का नको? डाउनिंग १८५२ मध्ये याच नदीवर एका आगबोटीला आग लागली त्यात गेला. सेंट्रल पार्क त्यानंतर सहा वर्षांनी आकाराला यायला लागलं. आज आपण ज्या पार्कात गणपतीनंतरची पिकनिक करतो, त्या कल्पनेची आजी ही दफनभूमी आहे.

हे एवढं लांबण लावायचं कारण असं की, आपल्या मनात ‘स्मशान’ म्हटलं की जे येतं ते घेऊन आपण तिथे उतरतो. स्मशानात काम उरकायचं, मागे वळून बघायचं नाही, घरी येऊन आंघोळ करायची. नाहीतर मग थेट दुसरं टोक: समाधी. मी साताऱ्याची. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठावरच्या समाध्यांमध्ये आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो. पाय लागला की नमस्कार करायचा आणि पुन्हा पळायचं. तिथे शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा समाधी आहे, तिलाही नमस्कार. पकिप्सीतलं ठिकाण स्मशानही नाही आणि समाधीही नाही. ती एका कुटुंबाची खाजगी जागा आहे. त्यांच्या माणसांत आपली एक मुलगी निजली आहे.

आनंदीबाईंची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. कादंबरी, नाटक, मालिका, सिनेमा सगळं होऊन गेलंय. तरी या बाजूची गोष्ट आपण नेहमी दोन वाक्यांत संपवतो, म्हणून जरा सांगते. गोपाळराव जोशांनी कोल्हापुरात असताना वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की बायकोला शिकवायला अमेरिकेत आणायचंय, काही सोय होईल का. वाइल्डरने ते आपल्या मासिकात छापलं. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांच्या हाती ते मासिक पडलं. दातदुखीवर मनुष्य सहसा एवढं पुण्य कमवत नाही. त्यांनी थेट हिंदुस्थानात पत्र पाठवलं आणि दोन अनोळखी बायकांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाईंची तब्येत ठीक नसायची तर या बाईंनी समुद्रापलीकडून औषधं धाडली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या.

जून १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीतून न्यूयॉर्कला उतरल्या त्या मावशींकडे रोझेललाच. वय १८. आता एक गोष्ट एडिसनमध्ये राहणाऱ्यांसाठी. त्याच वर्षी १९ जानेवारीला थॉमस एडिसनने रोझेलमध्ये खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले होते. अशा तऱ्हेने उजळलेलं ते पहिलं गाव. म्हणजे कल्याणची ही मुलगी पोचली तेव्हा त्या दिव्यांना पाच महिनेही झाले नव्हते. आपल्या घरांपासून हे रोझेल अर्ध्या तासावर आहे आणि एकाही मंडळाच्या सहलीत त्याचं नाव मी पाहिलेलं नाही.

पुढचं भराभर सांगते. फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज, ११ मार्च १८८६ ला पदवी, समारंभाला पंडिता रमाबाई हजर. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नेमणूक. पण क्षय सोबत घेऊनच त्या परतल्या. कामावर काही जाता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं पुरं व्हायला जेमतेम पाच आठवडे उरले होते. गोपाळरावांनी अस्थी, म्हणजे रक्षा, मावशींकडे पाठवली. जिला समुद्र ओलांडू नको म्हणून अख्खा गाव सांगत होता, तिची रक्षा पुन्हा एकदा समुद्र ओलांडून आली, आणि कार्पेंटरबाईंनी ती आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरली. आपल्याकडे रक्षा वाहत्या पाण्यात जाते. इथे ती मातीत आहे.

त्या ऑक्टोबरात ऑफिसात विचारलं तर त्यांनी नकाशावर पेनाने एक गोल काढून दिला. तरीही मी चुकले. चुकणारच. या बागांचे रस्ते मुद्दाम वळणावळणाचे आखलेले असतात. चढ आला की पलीकडचं दिसत नाही, उतरलं की वाट फुटते. अर्धा तास मी भलतीकडेच फिरत होते, आणि आता वाटतं बरं झालं. त्या अर्ध्या तासात मी ती जागा वाचायला शिकले. मधेच मोडलेला खांब दिसला तर समजायचं, कुणीतरी ऐन उमेदीत गेलं. कलशावर दगडाचंच वस्त्र पांघरलेलं असतं. दोन हात एकमेकांत गुंफलेले असतील तर बहुतेक नवरा-बायको. आणि छोट्या दगडावर बसलेलं कोकरू म्हणजे मूल.

कोकरांचं नाक-तोंड पावसाने झिजून गेलेलं असतं. संगमरवरच तो, साखरेसारखा विरघळत जातो. मी एका कोकरापाशी वाकून अक्षरं लावत होते. वयाचे महिने आणि दिवस लिहिलेले, वर्षाचा आकडा नाहीच. आणि तिथे मला एकदम आनंदीबाईंचा दहा दिवसांचा मुलगा आठवला. चौदाव्या वर्षी झालेला, वेळेवर इलाज मिळाला असता तर वाचला असता असं तिला वाटत राहिलं तो. त्या पोराचं नाव आपल्याला माहीत नाही, कुठे दगड नाही. ती डॉक्टर का झाली याचं उत्तर भाषणात आपण ‘स्त्रीशिक्षण’ म्हणून देतो. तिथे त्या कोकरांच्या ओळीत उभं राहिलं की ते उत्तर फार पुस्तकी वाटतं.

आणखी एक दगड शोधा. मोठ्ठं दगडी ओकचं फळ, म्हणजे एकॉर्न. ते मॅथ्यू व्हॅसार यांचं थडगं. धंदा बिअर गाळण्याचा, आणि पैसा घातला मुलींच्या कॉलेजात. दफनभूमीसाठी जागा शोधायच्या कमिटीतही हे गृहस्थ पुढे होते. त्यासाठी त्यांनी एक शेत विकत घेऊन ठेवलं, पण दफनभूमी शेवटी दुसरीकडे ठरली, आणि घेतलेल्या शेताचं काय करायचं म्हणून त्यांनी त्याच डाउनिंगकडून तिथे स्वतःसाठी बाग आखून घेतली. व्हॅसार कॉलेजात पहिल्या मुली दाखल झाल्या ते साल १८६५. आनंदीबाईंचं जन्मसालही १८६५. दोघांची भेट होणं शक्य नव्हतं, व्हॅसार १८६८ मध्येच गेले. पण मुलींनी शिकावं म्हणून पैसा ओतणारा म्हातारा आणि शिकण्यासाठी जीव ओतणारी मुलगी एकाच कुंपणात आहेत, हे आमच्या बसमध्ये कुणी सांगितलं नाही. सांगायला वेळही नव्हता, ४५ मिनिटांतली १५ फोटोंत गेली होती.

आता बसबद्दल.

दुसऱ्यांदा मी गेले ती आपल्या लोकांबरोबर. तारीख कमिटीने काढली होती: मेमोरियल डेचा लाँग वीकएंड. जोडून सुट्टी, सगळ्यांना सोयीची. मीही मान डोलावली होती. यादवी युद्धानंतर इथे थडग्यांवर फुलं वाहायचा जो दिवस सुरू झाला तोच पुढे मेमोरियल डे झाला, आणि वर्षभर कुणी फिरकत नसलं तरी त्या तीन दिवसांत घरची माणसं येतात, हे आमच्या डोक्यात आलंच नाही. सर्वपित्री अमावास्येला कुणाच्या अंगणात जाऊन ढोल वाजवण्यातला प्रकार.

पन्नास माणसं उतरली. बॅनर बांधायला दोन खांब हवेत, आणि बागेत खांब कुठून आणणार? तर एक दोरी झाडाला आणि दुसरी शेजारच्या उंच थडग्याला. बॅनरवर आनंदीबाईंचा फोटो मधोमध आणि कोपऱ्यात दोन रिअल इस्टेट एजंटांचे फोटो, आकाराने तेवढेच. ब्लूटूथ स्पीकरवर तुतारी. दगडाला हळदकुंकू, वर झेंडूचा हार, समोर निरांजन. निरांजन वाऱ्याने विझलं म्हणून दगडाच्या पायथ्याशी आडोशाला सरकवलं, ते कलंडलं आणि तेल पसरलं. नारळ कुठे फोडायचा यावर थोडी चर्चा झाली. फोडला. कशावर, ते लिहीत नाही, लाज वाटते. शेजारच्यांचा दगड होता एवढंच सांगते.

मग भाषणं. ‘पहिली’ या शब्दावर दोन काकांचं जुंपलं. एक म्हणे पहिली भारतीय डॉक्टर, दुसरे म्हणे कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलीही १८८६ च्याच. एक तरुण म्हणाला, दगडावर ‘ब्राह्मण’ असं लिहिलंय ते आजच्या काळात बरं दिसत नाही, बदलायला सांगू. लगेच कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा ‘मराठी’ घालायला सांगू. तिसरं कुणी म्हणालं, हा एवढासा दगड बरा दिसत नाही, वर्गणी काढून अर्धपुतळा बसवू. टाळ्या.

त्या दगडावर खरं म्हणजे फार काही नाही. नाव, एम.डी., दोन सालं, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थानाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. कल्याण नाही, पुणे नाही, नवऱ्याचं नाव नाही. मला विचाराल तर यातलं एक अक्षर हलवू नये. ज्यांनी दगड लावला त्यांना जे मोठं वाटलं ते त्यांनी लिहिलं. इतकं धाडस करून आलेली ही मुलगी त्यांच्या नजरेला कशी दिसली, हे त्या एका ओळीत आहे. आपल्याला ती ओळ खटकत असेल तर खटकू दे, त्यावर बसमध्ये परतीच्या वाटेवर बोलू. आणि पुतळ्याचं म्हणाल तर जागा ना मंडळाची, ना सरकारची, ना आनंदीबाईंच्या सासरची. प्लॉट एका कुटुंबाचा, दफनभूमी तिच्या संस्थेची. पाहुण्याने यजमानाच्या दिवाणखान्यात भिंत पाडून कोनाडा करायला सांगावा तसं ते होईल.

हे सगळं चालू असताना थोड्या अंतरावर एक म्हातारी बाई उभी होती. एका हातात लाल जिरेनियमची कुंडी, दुसऱ्या हातात काडीवरचा छोटा झेंडा. तिला जायचं होतं ती वाट आमच्या चपलांच्या ढिगाने अडली होती. (चपला काढल्या होत्या, तेवढा भाव खरा होता.) ती काही बोलली नाही. भाषण संपायची वाट बघत उभी राहिली. मी जाऊन चपला बाजूला केल्या, सॉरी म्हटलं, आमच्यातल्या एका मुलीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, ‘डॉक्टर ना? माहितेय. माझा नवरा तिच्या पुढच्या वळणावर आहे.’ शेजारणीबद्दल बोलावं तशी बोलली.

पुढच्या आठवड्यात मी आणि माझी सून परत गेलो. आधी ऑफिसात फोन करून विचारलं, पुसलं तर चालेल का. साधं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच चालेल, असं सांगितलं. तारेचा ब्रश नको, ब्लीच नको, आणि लिंबू-व्हिनेगर तर संगमरवराच्या आसपासही नको. बॅनरची दोरी झाडाला तशीच लटकत होती. हाराची फुलं सुकून गेली होती, पण नायलॉनचा दोरा गवतात शाबूत. गवत कापायच्या यंत्राच्या पात्याभोवती असा दोरा गुंडाळला की यंत्र बंद पडतं, हे मला आमच्याच अंगणात कळलेलं आहे. हळद फार निघाली नाही. पण ऑगस्टात पुन्हा गेले तर उन्हानेच उडून गेली होती, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कुंकवाची फिकट गुलाबी छटा मात्र अजून आहे. आणि पायथ्याला तेलाचा डाग आहे, बशीएवढा. दगडाने तेल आत पिऊन घेतलंय, ते आता तिथेच राहणार. आमच्या भक्तीची खूण.

तर तुमच्याकडे मागणं असं आहे.

बस न्या. जरूर न्या, मी ‘जाऊ नका’ म्हणणाऱ्यांतली नाही. दफनभूमीत माणसं फिरावीत म्हणूनच तर ती बाग केली. पण आधी ऑफिसाला लिहा: किती माणसं, कधी, काय करणार. मेमोरियल डे सोडून कुठलाही दिवस घ्या. माइक घरी ठेवा. बॅनरचा फोटो बसच्या दारात काढा, तिथे प्रायोजकही खूष आणि गवतही. फुलं सुटी न्या, दोऱ्यावाचून. मोगरा मिळाला तर ओंजळभर, नाहीतर तिथलंच पडलेलं एखादं ओकचं पान. हळदकुंकू, तेल, दूध, नारळ यांतलं काही नको. हात जोडायला यांतलं काही लागत नाही.

आणि तास द्या, तीन तास. मॉलचे तीन तास कापा असं म्हणत नाही, एक कापा. लोकांना चुकू द्या. लहान मुलांना सांगा, एकॉर्न शोधा, मोडका खांब शोधा, कोकरं मोजा; ती कंटाळणार नाहीत. मोठ्यांना सांगा, की आनंदीबाईंच्या दगडापुढे हात जोडून झाल्यावर त्याच प्लॉटमधली बाकीची नावंही वाचा. आपण ‘आनंदीबाईंची समाधी’ म्हणतो तेव्हा तो प्लॉट कुणाचा हे विसरतो. एका परक्या बाईने, जातपात, धर्म, देश काही न बघता, आपल्या घरच्या जागेत तिला घेतलं. धर्म बदल म्हणून अडवलं नाही, साडी सोड म्हटलं नाही. दर वर्षी आनंदीबाईंवर आपली भाषणं होतात. मी अठ्ठावीस वर्षं ती ऐकतेय, कार्पेंटरमावशींवर एकसुद्धा ऐकलेलं नाही. अर्धपुतळ्याची वर्गणी काढायचीच असेल तर ती रक्कम दफनभूमीच्या देखभालीला द्या. जागा भरत आली की असल्या संस्थांची मिळकत आटते आणि गवत तर दर आठवड्याला वाढतं. पावतीवर कार्पेंटरबाईंचं नाव घालता येतं का, तेवढं विचारून बघा.

रोझेलचंही बघा जरा. आपल्यापैकी निम्मे लोक रोज तिथूनच कामाला जातात.

कार्यकारिणीत यावर चर्चा होईल, ठराव होईल, मग कुणीतरी उपसमिती नेमेल, हे सगळं मी जाणते. तोवर माझं मी ठरवलंय. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी मी पकिप्सीला चाललेय, या वेळी गाडीने. सकाळी सातला निघणार, संध्याकाळपर्यंत परत. सून येतेय, म्हणजे मागे दोन जागा मोकळ्या आहेत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे, थर्मास आणि चादर तुम्ही आणा. बूट चालायचे घाला, तिथे बरेच चढउतार आहेत. ब्रश माझ्याकडे आहे.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
न्यू जर्सी